वरचं गाव

"आईचा फोन आधी तुझ्याकडे घे," हेमंत म्हणाला. "मग सांगतो."

मी एका हातात उलथनं आणि एका हातात माझा फोन, अशी उभी. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. त्यांचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. तो उपटून मी माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "घेतला. काय झालं?"

"दिगूमामा गेला. पहाटे, झोपेतच. श्रीरंगचा आत्ता फोन आला होता."

कढईतला उपमा खाली लागायला लागला, तो वास मला अजून आठवतो. मी गॅस बंद केला.

"हे बघ चारू, आईला सांगायचं नाही. परवा आपण निघतोच आहोत. मुंबईला उतरलो की सांगू. प्रवासातल्या माणसाला सांगत नाहीत असलं काही."

"आणि दिवसभर मी काय करू?"

"ठरलंय तसं फिरायला ने. दमव तिला. संध्याकाळी मी येतोच आहे."

बोलायला काय जातं? हा माणूस आदल्या रात्रीपासून तिकडे दुसऱ्या गावी, मीटिंगमध्ये. हेमंत म्हणजे माझा नवरा. एस्टोनियातल्या टॅलिन नावाच्या गावी त्याला ऑफिसनं तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं आणि शेवटच्या पंधरवड्याला त्यानं आईला आणि मला बोलावून घेतलं होतं. विमान परवाचं. आजचं केलं असतं तरी गुहागरला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, हे मलाही कळत होतं.

आणि तो चुकीचं सांगत होता असंही नाही. आमच्याकडे पूर्वापार असंच. माझे आजोबा गेले तेव्हा बाबांना नागपूरला तार केली होती ती 'तब्येत जास्त आहे, निघून या' अशी. वाटेवरच्या माणसाला धक्का द्यायचा नाही, त्याला सुखरूप घरी येऊ द्यायचं, मग काय रडायचं ते आपल्या माणसांत रडू द्यायचं. मला ती रीत शहाणपणाची वाटायची. अजूनही वाटते. पण ती पाळायची पाळी कधी माझ्यावर आली नव्हती.

दिगूमामा म्हणजे सासूबाईंचा पाठचा भाऊ. तो रांगत होता तेव्हा त्यांची आई गेली. सासूबाई तेव्हा स्वतःच परकरातल्या. त्यांनी त्याला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तो गुहागरच्या शाळेत भूगोलाचा मास्तर झाला. जन्मभर पोरांना जगातल्या नद्या नि बंदरं शिकवली आणि स्वतः पुण्याच्या पलीकडे गेला नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला नि अंथरुणाला खिळला. जीभ जड झाली होती, डोकं मात्र लख्ख. ताई टॅलिनला निघाली म्हटल्यावर त्यानं पडल्या पडल्या त्या गावाची खडान्‌खडा माहिती काढली आणि फर्मान सोडलं, "जुनं गाव अगदी शेवटी बघ. घाई करू नको. आणि गाइड घेऊ नको, पाठ केलेलं ओकतात मेले. तू आपल्या पायांनी चाल नि मला सांग."

म्हणून रोज संध्याकाळी सासूबाई त्याला फोन लावायच्या आणि दिवसभरात बघितलेलं सांगायच्या. तो प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. वारा कुठून येतो? दगड कसला? माणसं सावलीत बसतात की उन्हात? त्यामुळे या बाई नुसत्या फिरत नसत, प्रत्येक गोष्ट वाकून, चाचपून बघत. मी वैतागायचे. "आई, परीक्षा आहे का तुमची?" म्हणायचे. त्या म्हणायच्या, "आहे गो. परीक्षक कडक आहे."

जुनं गाव बघायचा दिवस म्हणजे नेमका तोच.

सासूबाई अंघोळ करून, देवाची पोथी वाचून बाहेर आल्या. त्यांना डायबेटीस, गोळी घ्यायची असते, म्हणून उपम्याची बशी समोर ठेवली. माझ्या घशाखाली काही उतरेना. आमच्याकडे घरचं मयत उचलेपर्यंत चूल पेटत नाही, कुणी घास घेत नाही. कुणी बघायला नसलं तरी ते अंगातच असतं.

"तू?" त्यांनी विचारलं.

"मी मागाहून खाईन."

"माझा फोन कुठाय?"

"बिघडलाय वाटतं. चार्जच होत नाहीये. राहू दे इथेच."

"राहू दे तर राहू दे. तुझ्यावरनं लावू दिगूला."

पायात हेमंतचे जुने मोजे आणि बूट, साडीवर स्वेटर, कानाला मफलर आणि हातात काठी, अशा सासूबाईंना घेऊन मी निघाले. जून महिना, ऊन पडलेलं, पण वारा असा की कानशिलं दुखावीत. जुनं गाव एकट्यानं बघायची तिथे सोय होती. फोनवर नकाशा यायचा, त्यावर आकडे. एकेका आकड्यापाशी जाऊन उभं राहायचं, बटण दाबायचं, की एक बाई इंग्रजीत त्या जागेची माहिती सांगायची. मी ऐकायचं आणि सासूबाईंना मराठीत सांगायचं, असं आमचं ठरलेलं.

गावाच्या वेशीवर दोन गोल बुरूज आहेत, त्यांवर लाल निमुळती छपरं. सासूबाई मान वर करून बघत राहिल्या.

"कणग्यांना टोप्या घातल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "फोटो काढ. दिगूला धाड."

मी काढला. पाठवल्यासारखं केलं.

"पोचला?"

"पोचला."

"बघितलान का त्यानं?"

"झोपले असतील, आई." तोंडून निघून गेलं.

"दुपारचा डोळा लागतो त्याचा हल्ली. उठला की बघेल."

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. श्रीरंगचा मेसेज. श्रीरंग म्हणजे दिगूमामांचा मुलगा, सुनंदा त्याची बहीण. त्यानं लिहिलं होतं: 'वहिनी, सुनंदा मुंबईहून निघाल्ये, ती आली की उचलायचं. आत्याला शेवटचं तोंड बघायचं असेल तर मी व्हिडिओ लावतो. हेमंतदादा नको म्हणतो. बाबा कालपर्यंत ताईचा फोन, ताईचा फोन करत होते. तुम्ही काय ते ठरवा.'

आता हे मी ठरवायचं! ज्यानं भोकाड पसरून रडायचं तो मीटिंगमध्ये, आणि परक्या घरची मी, माझ्या हातात हा निखारा. सांगावं, तर परमुलखात, रस्त्यात, सत्तरी उलटलेली ही बाई कोसळली तर मी कुणाला हाका मारू? न सांगावं, तर एकदा लाकडं पेटली की भावाचं तोंड पुन्हा कुठून दाखवू? मी फोन उलटा धरला आणि पुढच्या आकड्याकडे चालायला लागले.

रस्ता सगळा दगडगोट्यांचा, सासूबाईंचा पाय मुरगळेल म्हणून मी दंड धरला होता. जुन्या तटाला लागून लोकरीच्या स्वेटरांची दुकानं मांडलेली. सासूबाई दुकानांकडे बघेनात. त्या तटाजवळ गेल्या, काठी माझ्याकडे दिली आणि वीत वीत टाकत कमानीची जाडी मोजायला लागल्या. दुकानातली बाई हसली. त्याही तिच्याकडे बघून हसल्या.

"दगड कसला म्हणाली ती तुझी फोनातली?"

"चुनखडीचा."

"बघ! दिगू म्हणालाच होता, चुनखडी असणार म्हणून. जांभा नाही मिळायचा म्हणाला तिथे." मग हाताला लागलेली पूड त्यांनी पदराला न पुसता तळव्यावर घासून बघितली. "सांगायला हवं त्याला. लाव बघू फोन."

"संध्याकाळी लावू ना, आई. नेहमीसारखा."

"आत्ता लावलास तर काय बिघडलं?"

"रेंज नाहीये इथे. भिंती जाड आहेत ना."

किती पटकन खोटं बोलता येतं माणसाला! मी इतकी बिनचूक बोलत होते की माझं मलाच नवल वाटत होतं. पुढे एक देऊळवजा चर्च आलं, त्याच्या भिंतीवर रंगवलेलं जुनं घड्याळ. त्याचाही फोटो काढला, तोही दिगूमामांना 'पाठवला'. मग फोनातल्या बाईनं एक गंमत सांगितली. या गावाचे दोन भाग, खालचं व्यापाऱ्यांचं आणि टेकडीवर वरचं सरदारांचं. वर जायला दोन वाटा, एकीचं नाव लांब पाय, दुसरीचं आखूड पाय. म्हणून लोक म्हणतात की आमचं गाव लंगडतं.

सासूबाई खळखळून हसल्या. "म्हणजे माझ्या जातीचंच की! आपण आखूड पायानं चढू. वरनं काय दिसतं म्हणाली?"

"खालची लाल छपरं आणि पलीकडे समुद्र."

"मग वर तर जायलाच हवं. समुद्र कसा आहे ते तो पहिल्यांदा विचारील."

त्या हसत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता, खरं सांगते. असं कुणी हसू नये त्या दिवशी, आणि हसण्यात त्यांची काय चूक होती? तेवीस वर्षं आम्ही एका घरात भांडत, कुरबुरत काढली. मीठ जास्त झालं इथपासून पोराला इंग्रजी शाळेत का घातलं इथपर्यंत. पण त्यांना असं फसवून वाटेवर चालवायचं, हे माझ्यानं सोसवेना. एकीकडे वाटे, लवकर उचलू देत बाई एकदाचं, म्हणजे सुटले. लगेच दुसरीकडे वाटे, सुनंदेची गाडी घाटात अडकू दे, थोडा वेळ मिळू दे. देवाजवळ एकाच दमात दोन उलटी मागणी करत होते मी.

"चारू, जेवायचं काही बघणार आहेस की उपाशी मारणारेस?" सासूबाई थांबल्या. "हात कापायला लागले माझे."

साखर उतरली की त्यांचे हात कापत. मग मात्र माझा नाइलाज झाला. टाउन हॉलच्या समोर मोठा चौक आहे, तिथे उन्हात टेबलं मांडलेली होती. वाटाण्याचं सूप, काळा पाव आणि लोणी मागवलं. एकीसाठीच.

सासूबाईंनी पाव सुपात बुडवून दोन-चार घास खाल्ले. चव बरी होती वाटतं. "मीठ कमी आहे, पण आमटीसारखं आहे," म्हणाल्या. मग माझ्यापुढची रिकामी जागा त्यांच्या लक्षात आली.

"तुझं कुठाय?"

"भूक नाही मला."

"सकाळी उपमा नाही खाल्लास. कढईत तसाच होता, मी बघितला."

"पोट बिघडलंय जरा."

"मघाशी पाणी घटाघटा प्यायलीस की. घे, निदान पाव तरी घे." त्यांनी तुकडा मोडून लोणी लावून माझ्यापुढे धरला. "घे म्हणते ना. माझी शपथ आहे."

मी तो हातात घेतला. तोंडापर्यंत नेला असता तर सगळं निभलं असतं. एवढासा पावाचा तुकडा. पण हात वरच जाईना. गुहागरच्या त्या ओसरीवर माणूस ठेवलेलं होतं, आणि इथे मी लोणी लावलेला पाव खायचा? मी तो तुकडा तसाच बशीच्या कडेला ठेवला.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पोर ताप लपवतं तेव्हा आई बघते, तशा. मग त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"चारू," त्या म्हणाल्या, "कोण गेलं?"

मी मान खाली घातली.

"दिगू?"

मला हुंदका आवरेना. सकाळपासून धरून ठेवलेलं सगळं तिथे, त्या परक्या लोकांच्या गर्दीत, फुटलं. आणि ज्यांचा भाऊ गेला होता त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत होत्या, "उचललं का गो? उचललं का त्याला?"

"नाही. सुनंदा यायची आहे."

त्यांनी ग्लासातलं पाणी तोंडात घेतलं, उठल्या, चौकाच्या कडेला गटाराची जाळी होती तिथपर्यंत गेल्या आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. बघोत. परत येऊन त्यांनी ताट दूर सारलं.

"माझा भाऊ दारात आहे आणि मी जेवले," त्या म्हणाल्या.

"आई, मी... तुमची साखर... हेमंत म्हणाला, प्रवासात सांगायचं नाही."

"तुला नाही बोलत मी." पण आवाज असा होता की बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी श्रीरंगचा मेसेज वाचून दाखवला. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. 'ताईचा फोन, ताईचा फोन' ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हेमंत नको म्हणाला," मी म्हटलं. "त्याला वाटतं, तुम्हाला झेपायचं नाही."

"त्याला मी वाढवलं की त्यानं मला? लाव फोन. इथे नको, हे लोक हसताहेत. कुठे आडोशाला बसू."

चौकातून एक गल्ली वर जाते, तिच्या टोकाला आखूड पायाच्या दगडी पायऱ्या सुरू होतात. पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर आम्ही दोघी बसलो. वर जाणारे लोक बाजूनं वाट काढत जात होते. श्रीरंगनं पहिल्या रिंगलाच उचलला.

"आत्या," तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

"रडू नको. दाखव मला."

ओसरीवर बरीच माणसं होती, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, सुनंदा नुकतीच आलेली, तिचा हंबरडा ऐकू येत होता. मग दिगूमामांचा चेहरा आला. कपाळाला गंध, नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान. खुरटी दाढी वाढलेली. सासूबाई फोन अगदी जवळ नेऊन बघत होत्या.

"चष्मा कुठाय त्याचा?"

"काढून ठेवलाय, आत्या."

"घाल त्याला. चष्म्याशिवाय त्याला माझं तोंडसुद्धा दिसायचं नाही."

तिकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. श्रीरंग गेला असावा, थोडा वेळ नुसतं छप्पर दिसत राहिलं. परत चेहरा आला तेव्हा त्यावर जाड काचांचा चष्मा होता, आणि एकदम तो दिगूमामा दिसायला लागला.

"आता फोन त्याच्या कानापाशी धर," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझा तो कॅमेरा उलटा करता येतो ना? कर. त्याला गल्ली दिसू दे."

मी केला. आणि त्या सांगायला लागल्या. आवाज एकदाही कापला नाही, रोज संध्याकाळी लागायचा तसाच.

"दिगू, आज जुनं गाव बघितलं हो. गाइड नाही घेतला, पायांनीच चालले. वेशीवर दोन बुरूज आहेत, कणग्यांना टोप्या घातल्यासारखे. भिंत मोजली मी, माझ्या विती चौदा भरल्या. चुनखडीच आहे, तू म्हणालास तीच. हाताला पिठासारखी लागते. वारा समुद्रावरून येतो नि फार गार आहे. माणसं उन्हात बसतात, सावलीत कुणी बसत नाही. रस्ता दगडगोट्यांचा आहे, चारूनं मला दंड धरून आणलं."

"आत्या," श्रीरंगचा आवाज आला, "गुरुजी म्हणताहेत, वेळ होत्ये. ऊन उतरायच्या आत..."

"थांब रे. वरचं गाव राहिलंय अजून, तेवढं सांगू दे."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्या मान वर करून पायऱ्यांच्या टोकाकडे बघत होत्या, जिथे नुसता आभाळाचा तुकडा दिसत होता.

"आखूड पाय नावाची वाट आहे, तिनं वर आले," त्या म्हणाल्या. "दम लागला, पण आले. वरनं सगळं गाव पायाशी दिसतं रे. लाल कौलं, आपल्याकडे असतात तशीच, आणि मधनं मधनं आंब्याएवढी उंच झाडं. आणि पलीकडे समुद्र. तो आपल्यासारखा निळा नाही, राखाडी आहे, पण गाज तीच. एक बोट चाललीय, शीड लावून. किनाऱ्यावर पोरं खेळताहेत. एक मुलगी आहे, तिच्या कडेवर लहान भाऊ आहे, नि ती त्याला बोटानं ती शिडाची बोट दाखवत्ये."

त्या थांबल्या. पदर डोक्यावरून घेतला.

"झालं. एवढंच आहे, दिगू. आता जा तू. नीट जा." आणि मग श्रीरंगला, मोठ्या आवाजात, "उचला."

फोन बंद झाल्यावर त्या रडल्या. पदर तोंडात कोंबून, पुढे-मागे झुलत, लहान मुलीसारख्या रडल्या. मी त्यांना धरून बसले. बाजूनं एक म्हातारा उतरत होता, त्यानं टोपी काढली, तशीच हातात धरून खाली गेला.

बऱ्याच वेळानं त्यांनी मफलरनं तोंड पुसलं. काठी शोधली. मी उठून हात दिला आणि म्हटलं, "आई, थोड्याच पायऱ्या आहेत. हळूहळू जाऊ वर. त्यांच्यासाठी बघून येऊ."

"नको गो."

"इतकं आलोय तर..."

"नको म्हणते ना." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्याला मी सांगून बसले. आता वर जाऊन काही वेगळंच निघालं, तर ते सांगायला त्याला कुठे गाठू?"

आणि काठी टेकत, एकेक पायरी चाचपत, त्या खाली उतरायला लागल्या.